आधी भारावू द्या, मग पॉज दाबा : वंशभेदावरच्या सदोष सिनेमांतून चिकित्सा शिकवताना

पहिल्यांदा मी हा प्रयोग केला तेव्हा तो साफ फसला. 'ग्रीन बुक' (एक कृष्णवर्णीय पियानोवादक आणि त्याचा गोरा चालक यांची गोष्ट) दाखवायच्या आधी मी वर्गाला चांगली वीस मिनिटं पकडून ठेवलं. सिनेमात काय गाळलंय, गोष्ट कुणाच्या बाजूने सांगितली आहे, 'गोरा तारणहार' (कृष्णवर्णीयांच्या गोष्टीत सुटका करणारं पात्र मात्र गोरं) ही काय भानगड आहे, सगळं फळ्यावर लिहून दिलं. मग सिनेमा लावला आणि शेवटी एकेक पान लिहायला सांगितलं. घरी वाचायला बसलो तर प्रत्येक पानावर 'गोरा तारणहार'. माझेच शब्द, माझ्याच क्रमाने. एका पठ्ठ्याने तर सिनेमा चालू असतानाच मागच्या बाकावर निम्मं पान उरकून टाकलं होतं. त्याचं काय चुकलं? पडद्याकडे बघायचं कारणच मी शिल्लक ठेवलं नव्हतं.

त्यानंतर बरेच सिनेमे दाखवले, बऱ्याच चुका केल्या, आणि आता जी पद्धत हाताशी आहे ती इथे मांडतो. कॉलेजात शिकवणारे, फिल्म क्लब चालवणारे, घरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांबरोबर सिनेमे बघणारे, कुणालाही ती वापरता येईल. चित्रपटशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही. अमेरिकेच्या इतिहासाची थोडी उजळणी मात्र करावी लागेल.

सदोष म्हणजे कसा?

माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते सद्हेतूने काढलेले, गाजलेले, बघताना डोळ्यांत पाणी आणणारे आणि तरीही कुठेतरी तिरके गेलेले हॉलिवूडपट. 'हिडन फिगर्स' (२०१६), 'ग्रीन बुक' (२०१८), 'द हेल्प' (२०११), 'मिसिसिपी बर्निंग' (१९८८), 'द ब्लाइंड साइड' (२००९). यातल्या कुणालाही 'वाईट सिनेमा' म्हणून मोडीत काढता येत नाही, आणि त्यातच त्यांचा उपयोग आहे. निर्दोष सिनेमासमोर मुलं माना डोलावतात. असा सिनेमा मात्र उलटा करून धरला की आतली शिवण दिसते, कुठे कापड कमी पडलं आणि कुठे ठिगळ लावलं ते कळतं.

उघड विखारी सिनेमे नवख्याने टाळावेत. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा १९१५ चा 'द बर्थ ऑफ अ नेशन' घ्या. गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून केलेल्या कृष्णवर्णीय भूमिका, आणि घोड्यांवरून 'वाचवायला' येणारे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी दहशती संघटनेचे स्वार. पाच मिनिटांत वर्गातलं कुणीही सांगेल की हे भयंकर आहे. सांगून मोकळं होईल आणि विचार तिथेच थांबेल. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांपेक्षा आपण शहाणे आहोत एवढंच समाधान घेऊन मुलं घरी जातात. तो सिनेमा व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सनना दाखवला गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस क्लॅनची नव्याने स्थापना झाली, हे सांगण्यासारखं आहे. पण ते दोन-तीन सत्रं झाल्यावर, छोटी क्लिप दाखवून.

पायरी १ : पहिला सिनेमा निवडा

पहिल्यांदाच करत असाल तर 'हिडन फिगर्स' घ्या. नासातल्या तीन कृष्णवर्णीय गणितज्ञ स्त्रियांची गोष्ट. अमेरिकेतलं त्याचं प्रमाणपत्र पीजी आहे, म्हणजे पालकांच्या सल्ल्याने लहानांनाही चालेल असा, हिंसा जवळजवळ नाही, दोन तास सात मिनिटांत संपतो, आणि मुलांना मनापासून आवडतो. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. ज्या सिनेमाने मुलांना हलवलंच नाही, त्याची चिकित्सा ती तुम्हाला खूश करायला करतील. 'ग्रीन बुक' आणि 'द हेल्प' पीजी-१३ आहेत, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत जपून. 'मिसिसिपी बर्निंग' आर प्रमाणपत्राचा आहे, त्यात मारहाण, जाळपोळ आणि शिव्या भरपूर. तो मोठ्यांसाठी ठेवा.

इंग्रजी सबटायटल लावा. दक्षिणेकडच्या राज्यांतला हेल भल्याभल्यांना कळत नाही.

पायरी २ : तुमचा गृहपाठ

जाडजूड पुस्तकं वाचायची गरज नाही. एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मावेल इतकंच पाठ करा. १८९६ : प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन, 'वेगळे पण समान' या नावाखाली गोऱ्या आणि कृष्णवर्णीयांचं विभाजन कायदेशीर. १९५४ : ब्राउन खटला, शाळांमधलं विभाजन घटनाबाह्य. १९६४ : नागरी हक्क कायदा. १९६५ : मतदान हक्क कायदा. १९६७ : लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया, आंतरवंशीय लग्नावरची बंदी रद्द. कुठलाही सिनेमा लावला की दोन तारखा या कार्डावर ठेवून बघायच्या: गोष्ट कधी घडते, आणि सिनेमा कधी निघाला.

एवढ्यानेही गंमत येते. 'गेस हूज कमिंग टू डिनर'मध्ये कृष्णवर्णीय नट सिडनी पॉयटियेच्या पात्राचे वडील त्याला सुनावतात की गोऱ्या मुलीशी लग्न केलंस तर सोळा-सतरा राज्यांत तू गुन्हेगार ठरशील. शूटिंग झालं तेव्हा ते खरं होतं. १२ जून १९६७ ला लव्हिंगचा निकाल लागला आणि सिनेमा डिसेंबरात आला. म्हणजे थिएटरात पहिल्या दिवशी पोचलेलं वाक्य सहा महिने शिळं होतं. तारखांचं कार्ड हातात असलेल्या एका मुलीने हे स्वतः पकडलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. अशा दोन जागा मुलांना स्वतः सापडल्या की पुढचं काम अर्धं झालं.

शब्दांचाही निर्णय आधीच करून टाका. मराठीत 'वर्णभेद' म्हटलं की चातुर्वर्ण्य आठवतं आणि गोंधळ उडतो, म्हणून मी 'वंशभेद' म्हणतो. साठच्या दशकातल्या सिनेमांत 'निग्रो' सर्रास येतो. तो त्या काळचा अधिकृत, सभ्य समजला जाणारा शब्द होता. नागरी हक्क चळवळीतले लोकही तो वापरत. त्याच्यापासून बनलेली शिवी ही वेगळी गोष्ट. ती पडद्यावर ऐकू आली तरी वर्गात कुणीही मोठ्याने उच्चारायची नाही, उतारा वाचतानासुद्धा नाही. हे सिनेमा सुरू व्हायच्या आधी सांगा. नंतर सांगितलं तर ज्याने उच्चारली त्याच्यावर ओरडल्यासारखं होतं.

वर्गात एखादा आफ्रिकी किंवा आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थी असेल, तर 'तुला काय वाटतं' असं त्याला एकट्याला विचारू नका. साऱ्या वंशाचा वकील म्हणून तो तिथे बसलेला नाही.

पायरी ३ : सिनेमा दाखवा आणि गप्प बसा

ही पायरी शिक्षकांना सगळ्यात जड जाते. मध्ये थांबवायचं नाही. 'हे लक्षात ठेवा हं' नाही. सूचक खोकणंसुद्धा नाही. सिनेमा संपला, दिवे लागले की प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या आणि दोनच गोष्टी लिहायला सांगा: कोणता प्रसंग सगळ्यात लक्षात राहिला, आणि त्या वेळी नेमकं काय वाटलं. नाव घातलं तरी चालेल, एखादी खूण केली तरी चालेल. चिठ्ठ्या गोळा करा, पाकिटात घालून ठेवा. त्यावर चर्चा करायची नाही, पुढे त्या लागतील.

पहिलं सत्र इथे संपलं. मुलं भारावून घरी गेली पाहिजेत. जमलं तर दुसरं सत्र दोन-तीन दिवसांनी ठेवा. त्याच दिवशी चिरफाड केली की मुलांना वाटतं, आपल्याला रडवून मग हसं केलं.

पायरी ४ : मोजा

दुसऱ्या सत्राची सुरुवात मतांनी करू नका, मोजणीने करा. मत विचारलं की तीन बोलकी मुलं बोलतात, बाकीची खिडकीबाहेर बघतात. मोजायला सगळ्यांना येतं. वर्गाचे चार-पाच गट करा आणि प्रत्येकाला एकच काम द्या. पहिलं आणि शेवटचं दृश्य कुणाचं आहे? गोष्ट पुढे सरकवणारे निर्णय कोण घेतं? शेवटी कोण बदललेलं असतं? एकही गोरं माणूस चौकटीत नाही अशी किती दृश्यं आहेत, आणि त्यांत पात्रं कशाबद्दल बोलतात? एका गटाला फक्त श्रेयनामावली द्या.

श्रेयनामावली कशाला, असं वाटेल. 'मिसिसिपी बर्निंग'ची काढून बघा. १९६४ च्या जूनमध्ये मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीत नागरी हक्क चळवळीतल्या तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला, त्यावर हा सिनेमा बेतला आहे: जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन, मायकेल श्वर्नर. चेनी कृष्णवर्णीय आणि मिसिसिपीचाच, बाकीचे दोघे न्यूयॉर्कचे ज्यू तरुण. त्या दिवशी गाडी चालवत होता चेनी. सिनेमात चाक गोऱ्या तरुणाच्या हातात आहे आणि कृष्णवर्णीय मुलगा मागच्या सीटवर. श्रेयनामावलीत त्याला नावसुद्धा नाही, तिथे लिहिलंय 'ब्लॅक पॅसेंजर'. चालकाचा प्रवासी झाला. सिनेमाबद्दल मी तासभर बोलून जे सांगू शकलो नसतो ते या दोन शब्दांत आहे, आणि ते सापडतं शेवटी धावत जाणाऱ्या नावांमध्ये, जेव्हा निम्मा वर्ग दप्तर भरत असतो.

त्याच सिनेमाचे नायक आहेत एफबीआयचे दोन गोरे अधिकारी. १९६४ च्या नोव्हेंबरात याच एफबीआयने मार्टिन लूथर किंगना निनावी धमकीचं पत्र पाठवलं होतं. त्यांच्या खोल्यांत चोरून मायक्रोफोन बसवलेले होते. हे मुलांच्या हातात द्या आणि विचारा की सिनेमाचा नायक म्हणून एफबीआय का निवडली असेल. एफबीआयने तो तपास केला होता हे खरंच आहे, प्रेतं त्यांनीच शोधून काढली. म्हणून उत्तर सोपं नाही. मिसिसिपी राज्याने तेव्हा कुणावरही खुनाचा खटला भरला नाही. १९६७ मध्ये केंद्राने कटाच्या आरोपाखाली सात जणांना शिक्षा मिळवली, आणि राज्याच्या कोर्टात पहिली शिक्षा व्हायला २००५ साल उजाडलं. सिनेमा शेवटी जो न्याय मिळाल्याचा सुस्कारा सोडतो, तो या तारखांशेजारी ठेवून बघायचा.

पायरी ५ : एकच प्रसंग, पॉज दाबत

खरी मजा इथे आहे, म्हणून अर्धं सत्र याला द्या. 'हिडन फिगर्स'मधला स्वच्छतागृहाचा प्रसंग घ्या. माझ्याकडे जमणाऱ्या चिठ्ठ्यांत दर वेळी सगळ्यात जास्त हाच असतो.

प्रसंग असा. साल १९६१. कॅथरिन जॉन्सन ज्या इमारतीत काम करते तिथे कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही. फायली छातीशी धरून, उंच टाचांचे बूट घालून ती अर्धा मैल पळत दुसऱ्या इमारतीत जाते आणि परत येते. एकदा पावसात भिजून परतते. साहेब अल हॅरिसन सगळ्यांसमोर विचारतात, रोज कुठे गायब होतेस? तिचा बांध फुटतो. सगळं खोलीभर ऐकवते. मग हॅरिसन हातात हत्यार घेऊन जातात आणि 'कलर्ड' लिहिलेली पाटी ठोकून पाडतात.

आता क्लिप लावा, दर काही सेकंदांनी थांबवा. या चौकटीत कोण मोठं दिसतंय? कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर थांबलाय? पाटी पडते तेव्हा कॅथरिन कुठे आहे, काय करते आहे? बघ्यांमध्ये कोण कोण आहे? एकदा आवाज बंद करून दाखवा, एकदा चित्र झाकून फक्त आवाज ऐकवा. पाटीचा आवाज येतो तिथे छाती फुगते, हे मुलं स्वतःच कबूल करतात. ती फुगू द्या. मग विचारा, ही सुटकेची भावना नेमकी कुणी दिली? आधीच्या दोन मिनिटांत तर कॅथरिन बोलत होती.

एवढं झाल्यावर माहिती द्या, आधी नाही. हॅरिसन नावाचा साहेब नव्हता, तो अनेक माणसांचं मिळून केलेलं पात्र आहे. पाटी तोडण्याचा प्रसंग घडलेला नाही. नाका या जुन्या संस्थेची १९५८ मध्ये नासा झाली तेव्हाच तिथला कृष्णवर्णीय स्त्रियांचा वेगळा विभाग बंद झाला होता, म्हणजे १९६१ च्या तीन वर्षं आधी. आणि मुख्य गोष्ट: खऱ्या कॅथरिन जॉन्सन अर्धा मैल पळत नव्हत्याच. त्या सरळ जवळचं, पाटी नसलेलं स्वच्छतागृह वापरत. पुढे केव्हातरी कुणी हरकत घेतली तरी त्यांनी ती धुडकावून लावली.

इथे वर्गात काही क्षण शांतता पसरते. मग कुणीतरी म्हणतं, 'मग खरी गोष्ट जास्त भारी आहे की!' हे वाक्य तुम्ही बोलायचं नाही. कितीही मोह झाला तरी.

शांतता ओसरली की त्याच सिनेमातल्या आणखी दोन तारखा पुढे सरकवा. डोरोथी व्हॉन पडद्यावर १९६१ मध्ये पर्यवेक्षकपदासाठी झगडताना दिसतात, प्रत्यक्षात विभागाची सूत्रं त्यांच्याकडे १९४९ मध्येच आली होती. मेरी जॅक्सन पडद्यावर इंजिनीअर व्हायची धडपड करतात, प्रत्यक्षात त्या १९५८ मध्येच इंजिनीअर झाल्या होत्या. तीन स्त्रियांची कितीतरी वर्षं दाबून थोडक्या काळात बसवली आहेत. त्याने काय साधलं, काय गेलं, हा प्रश्न फळ्यावर दोन रकाने करून सोडवायला द्या. 'साधलं'चा रकाना रिकामा ठेवू देऊ नका.

पायरी ६ : हे कुणी सांगितलं?

'ग्रीन बुक' या पायरीसाठी उत्तम. १९६२ मध्ये पियानोवादक डॉन शर्ली दक्षिणेच्या दौऱ्यावर निघतात, टोनी व्हॅलेलाँगा हा इटालियन-अमेरिकन माणूस त्यांची गाडी चालवतो. वाटेत मैत्री होते. पटकथेच्या तीन लेखकांपैकी एक आहेत निक व्हॅलेलाँगा, टोनीचे चिरंजीव. शर्ली आणि टोनी दोघेही २०१३ मध्ये वारले. सिनेमा आल्यावर शर्ली यांच्या घरच्यांनी सांगितलं की आम्हाला कुणी विचारलंच नाही, आणि घरच्यांपासून तुटलेला एकटा माणूस असं जे चित्र काढलंय ते चूक आहे. निक यांचं म्हणणं, इतर कुणाशी बोलू नकोस असं स्वतः शर्लींनीच मला सांगितलं होतं. सिनेमाला ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. अभिनयाच्या विभागात टोनी झालेले व्हिगो मॉर्टेन्सन 'मुख्य अभिनेता' म्हणून उभे होते आणि शर्ली झालेले महर्शाला अली 'सहायक अभिनेता' म्हणून.

यातलं काहीही तुम्ही समजावून सांगू नका. चार चिठ्ठ्यांवर चार तथ्यं लिहा, चार गटांना वाटा, आणि प्रत्येक गटाने उरलेल्यांना प्रश्न विचारायचे. बापाची गोष्ट मुलाने सांगितली म्हणून ती खोटी ठरते का? घरचे लोक नेहमी बरोबरच असतात का? दोन्ही बाजूंचे साक्षीदार गेले असतील तर काय करायचं? न्यायाधीश व्हायची घाई करणाऱ्या मुलांना इथे चांगलाच ब्रेक लागतो.

आणखी एक काम द्या, यात मुलं रंगून जातात. सिनेमाचं नाव ज्या पुस्तिकेवरून ठेवलंय ती पडद्यावर एकूण किती वेळ दिसते ते घड्याळ लावून मोजा. मग खरी पुस्तिका उघडा. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी ती १९३६ मध्ये सुरू केली. कृष्णवर्णीय प्रवाशांना कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठे गाडीत पेट्रोल भरून देतील याची यादी. तिचे बरेचसे अंक न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने स्कॅन करून इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. दोन शहरं द्या आणि फक्त त्या पानांच्या आधारावर प्रवासाचा बेत आखायला सांगा. यादीत एखाद्या गावाचं नावच नसेल तर रात्र कुठे काढणार? या एका तासात जे कळतं ते त्या सव्वादोन तासांच्या सिनेमात नाही. सिनेमातला प्रवास टोनीच्या शेजारी बसून होतो. पुस्तिका घेऊन बसलेल्या मुलांना तो स्वतः करावा लागतो.

'द ब्लाइंड साइड'ही इथे चालतो. गोऱ्या कुटुंबाने घरात घेतलेल्या एका कृष्णवर्णीय मुलाची ती गोष्ट. तो खरा मुलगा, पुढे अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू झालेले मायकेल ओहर, यांनी २०११ च्या आत्मकथनात तक्रार केली होती की सिनेमाने मला खेळातलं काहीच कळत नसल्यासारखं दाखवलं. २०२३ मध्ये त्यांनी कोर्टात जाऊन सांगितलं की ज्याला सगळे दत्तक समजत होते ते कायद्याने दत्तक नव्हतंच, पालकत्वासारखी वेगळी व्यवस्था होती. कोर्टाने ती त्याच वर्षी संपवली. सिनेमातला खरा माणूस नंतर स्वतः बोलू लागतो तेव्हा आपण जुनं काय काय परत तपासायचं, एवढाच प्रश्न ठेवा.

पायरी ७ : दिग्दर्शकाची वकिली

दोष काढणं मुलांना फार लवकर जमतं आणि मग त्याची नशा चढते. तिसऱ्या सिनेमापर्यंत वर्गातलं प्रत्येक जण टीकाकार झालेलं असतं. म्हणून एका गटाला सक्तीने बचावपक्ष द्या. ज्यांनी सगळ्यात कडक टीका केली त्यांनाच.

'हिडन फिगर्स'चा बचाव करणाऱ्या गटाला सांगा की दूरच्या स्वच्छतागृहाचा अपमान कपोलकल्पित नाही. तो खऱ्या मेरी जॅक्सन यांच्या वाट्याला आला होता, सिनेमाने तो कॅथरिनच्या नावावर लावला. मग हे खोटं की जोडकाम? आणि 'सेल्मा' (२०१४) हा मार्टिन लूथर किंग यांच्या मतदान हक्काच्या मोर्चांवरचा सिनेमा पुढे ठेवा. त्यात किंग यांची भाषणं आहेत, पण शब्द किंग यांचे नाहीत, कारण भाषणांचे हक्क दुसऱ्या स्टुडिओकडे होते. दिग्दर्शिका एव्हा डुव्हर्ने यांनी त्याच आशयाची भाषणं नव्याने लिहिली. त्याच सिनेमात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनना अन्यायाने खलनायक केलं असा त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांचा आक्षेप होता. म्हणजे तथ्यांत फेरफार इथेही आहे. तरी गोष्ट कुणाची आहे याबद्दल शंका राहत नाही. 'हिडन फिगर्स'मधला फेरफार आणि हा फेरफार एकाच तराजूत घालायचे का, यावर माझ्या वर्गांचं आजवर एकमत झालेलं नाही. माझंही मत दोनदा बदललंय.

पायरी ८ : जोडीला दुसरा सिनेमा

शक्य असेल तर सदोष सिनेमाच्या जोडीला त्याच काळातला, कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा सिनेमा ठेवा. पूर्ण दाखवायला वेळ नसेल तर वीस मिनिटं. १९८९ ची जोडी तयारच आहे: 'ड्रायव्हिंग मिस डेझी' (गोरी म्हातारी आणि तिचा कृष्णवर्णीय चालक यांची मैत्री) आणि स्पाइक ली यांचा 'डू द राइट थिंग'. पहिल्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, दुसऱ्याला त्या विभागात नामांकनही नव्हतं. 'द बर्थ ऑफ अ नेशन'ची क्लिप दाखवलीच तर शेजारी कृष्णवर्णीय दिग्दर्शक ऑस्कर मिशो यांचा १९२० चा मूकपट 'विदिन अवर गेट्स' हवाच.

कुठे फिसकटतं

चर्चा जातीकडे वळते. आपल्या वर्गात ती वळणारच, आणि त्यात गैर काही नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली तेव्हापासून हा धागा मराठीत आहे. पण मी त्यासाठी शेवटची वीस मिनिटं राखून ठेवतो. आधीच वळू दिलं तर मुलं 'म्हणजे आपल्यासारखंच' म्हणून सिनेमातला तपशील सोडून देतात, आणि तपशील सोडला की उरतात ती भाषणं.

दुसरा घोळ तयार शब्दांचा. 'गोरा तारणहार', 'स्टिरिओटाइप', 'प्रॉब्लेमॅटिक'. हे शब्द चांगले आहेत, पण पहिली दोन सत्रं त्यांना बंदी घाला. बंदी म्हणजे, ज्याने शब्द वापरला त्याने तो न वापरता तेच पुन्हा सांगायचं, कुठल्या दृश्यात काय दिसलं ते धरून. माझ्या त्या पहिल्या वर्गात ही एक अट घातली असती तरी निम्मी पानं कोरी आली असती, आणि ते बरं झालं असतं.

तिसरा, कुणीतरी म्हणतं, 'पण मला सिनेमा आवडला, त्याचं काय?' बऱ्याचदा ते मूल थोडं ओशाळलेलं असतं. त्याला सांगा की कृष्णवर्णीय अभिनेत्री व्हायोला डेव्हिस 'द हेल्प'मध्ये गोऱ्यांच्या घरी राबणारी मोलकरीण होत्या, त्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं, सोबत काम केलेल्या माणसांबद्दल त्या आजही प्रेमाने बोलतात. आणि २०१८ मध्ये त्याच म्हणाल्या की तो सिनेमा केल्याची खंत वाटते, कारण शेवटी त्या मोलकरणींचा आवाज त्यात ऐकू आला नाही. आवडणं आणि खंत दोन्ही एकाच माणसाकडे असू शकतं.

शेवटचं काम

पहिल्या सत्रातलं पाकीट आठवतंय ना? शेवटच्या दहा मिनिटांत ज्याची चिठ्ठी त्याला परत द्या. जो प्रसंग लक्षात राहिला होता, जे वाटलं होतं, त्याच्या खाली आज एक ओळ लिहायची. काहींची ओळ तीच राहते, काही जण वरचं खोडायला जातात. खोडू देऊ नका, खाली लिहू द्या. आणि या वेळी चिठ्ठ्या गोळा करू नका. तुम्ही वाचणार आहात हे कळलं की ती ओळ तुमच्यासाठी लिहिली जाते.